पाहुणा हा साक्षीदार: चिनी घरातील भेटीगाठींचा इतिहास

चिनी कुटुंबाकडे पाहुणा म्हणून जाणाऱ्या परदेशी माणसासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका आज मुबलक मिळतात. त्यांतील यादी साधारणतः ठरलेली असते. भेटवस्तू दोन्ही हातांनी द्यावी. घड्याळ देऊ नये, कारण 'घड्याळ भेट देणे' आणि 'मरणाऱ्याची अखेरची सेवा करणे' या दोहोंचा उच्चार चिनी भाषेत एकच होतो. नासपती कापून वाटून खाऊ नये, कारण 'नासपती वाटणे' हे 'ताटातूट होणे' यासारखे ऐकू येते. भातात काड्या उभ्या खोचू नयेत, कारण मृतासाठी लावलेल्या उदबत्त्या तशाच दिसतात. कौतुक झाले तर ते नाकारावे. आणि शेवटी, जवळजवळ प्रत्येक यादीत, राजकारणावर बोलू नये.

या याद्या निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या सर्व नियमांना एकाच ओळीत बसवितात, आणि तेथेच त्यांचा अर्थ हरवतो. घड्याळाचा नियम हा भाषेतील श्लेषाचा आहे. राजकारणाविषयीचा नियम इतिहासाचा आहे. वय, मूळ गाव, मुलेबाळे यांविषयी चिनी यजमान जे प्रश्न मोकळेपणाने विचारतो, आणि ज्या गोष्टी तो ओठांवरही येऊ देत नाही, त्या दोहोंमागे दोन हजार वर्षांहून जुना एक विचार आहे. आपल्याकडे अतिथीला देवाच्या जागी बसविले गेले. देवाला घरातले सगळे आधीच ठाऊक असते. चिनी परंपरेने अतिथीला साक्षीदाराच्या जागी बसविले. तो पाहतो, ऐकतो, आणि बाहेर जाऊन सांगू शकतो. म्हणून तेथील शिष्टाचाराचा गाभा पंगतीत किंवा भेटवस्तूत नाही, तो संभाषणात आहे. घराने स्वतःविषयी काय उघड करावे आणि काय झाकून ठेवावे, हे ठरविण्याचा घराचा अधिकार पाहुण्याने मान्य करणे, असे त्याचे सार सांगता येईल.

प्राचीन चीनमधील 'यी ली' या विधिग्रंथात 'शी' वर्गातील, म्हणजे विद्या आणि पद यांच्या जोरावर मान मिळविणाऱ्या वर्गातील, दोन व्यक्तींनी परस्परांस कसे भेटावे यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. पाहुण्याने हिवाळ्यात फेजंट जातीचा रानपक्षी न्यावा, उन्हाळ्यात त्याचेच सुकविलेले मांस. यजमानाने भेट नाकारावी, पाहुण्याने पुन्हा विनवावे, यजमानाने पुन्हा नाकारावे, आणि मग ती स्वीकारावी. पण विधी येथे संपत नाही. यजमानाने पुढे परतभेटीस जावे आणि तोच नजराणा पाहुण्याला परत करावा. म्हणजे वस्तू कोणाकडेच राहिली नाही; राहिले ते दोन घरांतील जाणे-येणे. भेटवस्तूची किंमत पाहू नये, हे सांगण्याची याहून नेमकी रीत आम्हांला माहीत नाही.

याच प्रकरणात संभाषणाच्या विषयांची यादीही येते. राजाशी बोलताना अधिकाऱ्यांना कसे कामास लावावे यावर बोलावे. उच्चाधिकाऱ्याशी राजाच्या सेवेवर. वृद्धाशी शिष्यांना आणि मुलांना कसे वळण लावावे यावर. तरुणाशी आईवडिलांविषयी व थोरल्या भावांविषयीच्या कर्तव्यावर. आजच्या वाचकाला हे उपदेशाचे विषय वाटतील. परंतु नीट पाहिले तर यांतील प्रत्येक विषय असा आहे, की ज्यावर समोरच्याला स्वतःचे काहीही उघड न करता बोलता येते. वृद्धाला त्याच्या आजारांविषयी विचारायचे नाही, तरुणाला त्याच्या बेतांविषयी नाही. आणि निघावे कधी? यजमानाने जांभई दिली, आळस दिला, दिवस किती वर आला असे विचारले किंवा बसण्याची जागा बदलली, की पाहुण्याने स्वतःहून निरोप मागावा. यजमानाला 'आता या' म्हणण्याची वेळ येऊ न देणे हे पाहुण्याचे काम.

हान काळात संकलित झालेल्या 'ली जी' या ग्रंथात हा विचार अधिक स्पष्ट होतो. वरच्या दालनात शिरण्याआधी पाहुण्याने आवाज चढवून आपण आल्याची जाणीव द्यावी. दाराबाहेर पादत्राणांचे दोन जोड दिसले, तर आतले बोलणे ऐकू येत असेल तरच आत जावे. ऐकू येत नसेल तर जाऊ नये. कारण उघड आहे. मोठ्याने चाललेले बोलणे जगासाठी असते, हळू चाललेले दोघांसाठी. जेवणाविषयीच्या नियमांतही बोलणेच मध्यभागी आहे. पाहुण्याने वाढलेल्या सुपात स्वतः चव घातली, तर यजमान आपल्याला स्वयंपाक नीट जमला नाही म्हणून क्षमा मागतो; पाहुण्याने चटणीचे पाणी पिऊन टाकले, तर यजमान आपल्या गरिबीबद्दल क्षमा मागतो. ताटावर केलेल्या एवढ्याशा कृतीने घराच्या ऐपतीविषयी साक्ष दिली जाते, ही जाणीव त्यामागे आहे. आजही पदार्थांनी भरलेल्या टेबलासमोर चिनी यजमान 'आज खायला विशेष काहीच नाही' असे म्हणतो. आपल्याकडे पंचपक्वान्ने वाढूनही 'गोड मानून घ्या' म्हणतात, त्याचीच ही बहीण.

याच ग्रंथात पाहुण्यासाठी तीन पायऱ्यांचा एक संकेत आहे. परक्या प्रदेशाच्या सीमेवर तेथील मनाईचे नियम विचारावेत, राज्यात शिरल्यावर चालीरीती, आणि घराच्या दारात कोणती नावे उच्चारायची नाहीत ते. घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांची नावे तोंडातून जाणे हा अपराध मानला जाई, आणि भाषा ध्वनिसाम्याने भरलेली असल्यामुळे नाव नकळतही उच्चारले जाण्याचा धोका असे. म्हणून दारात विचारायचे, आणि मग त्या शब्दाला वळसा घालून बोलायचे.

हा नियम क्रूर होऊ शकतो हे थांग काळातील कवी ली-हो याच्या आयुष्याने दाखविले. त्याच्या वडिलांचे नाव 'चिन-सू' होते आणि सर्वोच्च राजकीय परीक्षेचे नाव 'चिन-शी'. नावांत ध्वनिसाम्य आहे, तेव्हा मुलाने या परीक्षेस बसणे म्हणजे पित्याच्या नावाचा अवमान, असा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांनी घेतला. हान यू या थोर गद्यकाराने त्याच्या बाजूने एक निबंध लिहून या तर्काची परिणती किती हास्यास्पद होते ते दाखविले. तरीही ली-होला ती पदवी मिळाली नाही, आणि वयाच्या पंचविशी-सव्विशीत तो वारला. घराचे रक्षण करण्यासाठी निर्माण झालेला नियम घरातल्याच मुलाच्या विरोधात वापरला गेला.

घराला जे झाकायचे असते ते सत्तेला पाहायचे असते. 'हान शी-त्साय याची रात्रीची मेजवानी' हे चित्र जगप्रसिद्ध आहे. दहाव्या शतकातील दक्षिण थांग राज्याचा राजा ली यू, जो स्वतः मोठा कवी होता, त्याला आपला मंत्री हान शी-त्साय घरी काय करतो हे जाणून घ्यायचे होते. परंपरा सांगते, की त्याने कू हुंग-चुंग या चित्रकाराला त्या मेजवानीस धाडले आणि पाहिलेले सर्व स्मरणाने रंगवून आणावयास सांगितले. आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात असलेला पट सोंग काळातील प्रत मानला जातो. त्या पटातील हान शी-त्साय संगीत चालू असताना, पाहुण्यांच्या गर्दीत, कोठेच आनंदी दिसत नाही. कथेत तथ्य किती हा वेगळा प्रश्न. पण पाहुणा हा हेर असू शकतो ही भीती तिच्यात अचूक पकडली गेली आहे.

पुढील शतकांत ही भीती सभ्य उपायांनी हाताळली गेली. नववर्षाला स्वतः न जाता नोकराकरवी नामपत्र पाठविण्याची पद्धत सोंग काळात रूढ झाली. मिंग काळातील चित्रकार-कवी वन चंग-मिंग याने सकाळपासून घरात साचणाऱ्या अशा पत्रांवर कविताच लिहिली आहे. छिंग काळातील अधिकाऱ्यांच्या घरी चहाचा प्याला हे बोलण्याचे विरामचिन्ह बनले. चहा पाहुण्यासमोर येई, पण तो लगेच प्यायचा नसे. यजमानाने प्याला उचलला की सेवक पाहुण्याला निरोप देण्याची ललकारी देई आणि भेट संपे. यजमानाला जांभई देण्याचेही कष्ट उरले नाहीत. भाषेतही असेच अंतर राखले जाई. स्वतःचे घर 'थंडगार झोपडी', समोरच्याचे 'भवन'. स्वतःचा मुलगा 'कुत्र्याचे पोर'. आडनाव विचारताना 'आपले मौल्यवान आडनाव' असे विचारायचे, आणि उत्तर देणाऱ्याने 'मौल्यवान' हे विशेषण नम्रपणे वगळायचे. हा शेवटचा संकेत अजून जिवंत आहे.

अठराव्या शतकात त्साओ श्वे-छिन याने लिहिलेली 'लाल महालाचे स्वप्न' ही कादंबरी या सर्व शिष्टाचाराचा सर्वांत सूक्ष्म दस्तऐवज आहे असे आम्हांला वाटते. लिन दायू ही मुलगी आईच्या मृत्यूनंतर आजोळी राहावयास येते. येण्याआधीच आपल्याला तिची एक सवय कळलेली असते. आईच्या नावातील अक्षर वाचताना ती त्याचा उच्चार बदलते आणि लिहिताना एक-दोन रेघा गाळते. आजोळी आल्यावर तिला कोणत्या आसनावर बसावे हे कोणी सांगत नाही. मामाचे आसन कोणते असेल याचा अंदाज बांधून ती ते टाळते. जेवणानंतर लगेच चहा येतो. तिच्या घरी चहासाठी थोडे थांबण्याची रीत होती, पण येथे ती इतरांकडे पाहते आणि पहिला चहा चूळ भरण्यासाठी आहे हे वेळीच ओळखते.

त्याहून बोलके आहे ते तिचे उत्तर बदलणे. आजी तिला काय वाचले असे विचारते, तेव्हा ती आपण चार अभिजात ग्रंथ नुकतेच वाचल्याचे सांगते. मग ती मामेबहिणींच्या वाचनाविषयी विचारते आणि आजी ते वाचन क्षुल्लक असल्यासारखे उत्तर देते. काही वेळाने बाओयू तिला हाच प्रश्न विचारतो, आणि आता ती म्हणते की आपण वाचलेले नाही, चार अक्षरे तेवढी ओळखतो. एका दुपारीत एक मुलगी खरे उत्तर सोडून योग्य उत्तर देऊ लागली. लेखक यावर भाष्य करीत नाही. पण ज्या घरात पाहुण्याला घराचे रक्षण करावे लागते, त्या घरात पाहुण्याचे रक्षण कोण करतो, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

त्याच महालात लिऊ आजी ही खेडूत म्हातारी एकाहून अधिक वेळा येते. पहिल्या भेटीत ती मदत मागते आणि तिला वीस ताएल चांदी मिळते. पुढच्या भेटीत ती मळ्यातील भाज्या आणि खेड्यातल्या गोष्टी घेऊन येते, सर्वांना पोट धरून हसविते, आणि आपल्याला हसविण्यासाठी बसविले आहे हे जाणूनही ते मनावर घेत नाही. या भेटीतच मियाओयू ही संन्यासिनी तिने चहा प्यायलेला मूल्यवान प्याला विटाळला म्हणून टाकून द्यावयास निघते. तो म्हातारीलाच द्यावा असे बाओयू सुचवितो. शिष्टाचार कोणाला आत घेतो यापेक्षा तो कोणाला बाहेर ठेवतो, हे एका प्याल्याने सांगितले आहे.

साम्राज्य कोसळले आणि १९१२ साली प्रजासत्ताकाने दंडवताऐवजी टोपी काढून वाकणे हा अधिकृत नमस्कार ठरविला. 'महामहिम' व 'मालक' या अर्थाची संबोधने रद्द करून 'श्रीयुत' सारखी समान संबोधने आणली. शरीर सरळ झाले, पण जीभ सरळ झाली नाही. लाओ श यांचे 'चहाघर' हे नाटक १९५८ साली रंगभूमीवर आले. त्याचा पहिला अंक १८९८ सालातला, तिसरा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. चहाघराच्या भिंतीवर राजकारणावर बोलू नये अशी सूचना लावलेली असते, आणि अंकागणिक तिची अक्षरे मोठी होत जातात. राजवट बदलते, फर्निचर बदलते, गिऱ्हाईक बदलते. सूचना तेवढी वाढते.

समाजशास्त्रज्ञ फै श्याओ-थुंग यांनी १९४८ साली 'ग्रामीण चीन' या पुस्तकात नावाच्या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. ओळखीच्या माणसांच्या खेड्यात दार वाजविणारा 'कोण?' या प्रश्नाला केवळ 'मी' असे उत्तर देतो, आणि ते पुरते. आडनाव विचारावे लागणे हीच परकेपणाची खूण. परक्याला आत घ्यायचे तर त्याला नाव द्यावे लागते. १९३८ साली भारतातून चीनमध्ये गेलेल्या वैद्यकीय पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या अखेरीस 'ह्वा', म्हणजे 'चीन', हे अक्षर जोडले गेले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तेथे 'ख दी-ह्वा' झाले. १९४१ साली त्यांनी क्वो छिंग-लान यांच्याशी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तेथेच वारले. पाहुण्याला घरचा करून घेण्याची चिनी रीत नावातून जाते, याचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण हेच.

१९४९ नंतर पाहुणा हा हिशोबाचा विषय झाला. १९५५ पासून धान्य कूपनांवर मिळू लागले, आणि नातेवाइकाकडे चार दिवस राहणारा माणूस आपली कूपने बरोबर नेऊ लागला. ही कूपने १९९३ साली बंद झाली. १९५८ च्या निवास-नोंदणी कायद्याने शहरात तीन दिवसांहून अधिक राहणाऱ्या बाहेरच्या माणसाची नोंद करणे आवश्यक ठरविले. पूर्वी पाहुणा घराविषयी प्रश्न विचारीत असे, आता पाहुण्याविषयीच घराला विचारले जाऊ लागले. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीने जुन्या चालीरीतींवर हल्ला चढविला तेव्हा घरांच्या झडत्या झाल्या. लोकांनी आपली पत्रे, छायाचित्रे, वंशावळी स्वतःच्या हातांनी जाळल्या. कोण कोणाकडे कधी गेले आणि काय बोलले हा आरोपपत्राचा मजकूर बनला; मुले आईवडिलांविरुद्ध, शिष्य गुरूंविरुद्ध साक्ष देऊ लागले. ज्या साक्षीपासून घराला वाचविण्यासाठी दोन हजार वर्षे नियम केले गेले, ती साक्षच आता सद्गुण ठरली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, रेड गार्डांच्या मारहाणीनंतर, लाओ श यांचा मृतदेह बीजिंगमधील एका तलावात सापडला.

त्या काळातील भेटीचे एक चित्र यांग च्यांग यांच्या 'कार्यकर्ता-शाळेतील जीवनाची सहा प्रकरणे' या १९८१ सालच्या पुस्तकात आहे. हनान प्रांतातील श्रमशिबिरात त्या भाजीच्या मळ्याची राखण करीत. त्यांचे पती, विद्वान छ्येन चुंग-शू, टपाल आणण्याच्या वाटेवर वाकडी वाट करून मळ्यापाशी येत. दोघे थोडा वेळ बोलत आणि वेगळे होत. दार नाही, चहा नाही, आसन नाही. पण कोणी ऐकणार नाही अशी जागा आहे, आणि तेवढ्यानेच ती भेट होते. आत्यंतिक संयमाने लिहिलेल्या त्या पुस्तकात शिष्टाचार हा शब्द आम्हांला शोधावा लागत नाही. न सांगण्याची त्यांची रीत हाच तो आहे.

आता आरंभीच्या यादीकडे वळले, तर ती वेगळी दिसू लागते. चिनी घरात पहिल्या काही मिनिटांत वय विचारले जाते. परदेशी माणसाला हे आगाऊपणाचे वाटते. परंतु जेथे थोरांना नावाने हाक मारीत नाहीत तेथे काका म्हणावे की थोरले भाऊ, मावशी म्हणावे की ताई, हे ठरविण्यासाठी वय कळावेच लागते. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. मूळ गाव विचारले जाते, कारण गावावरून खाण्यावर जाता येते, आणि खाणे हा असा विषय आहे की ज्यावर सर्वांना तासभर बोलता येते आणि कोणालाही साक्ष द्यावी लागत नाही. 'जेवलात का?' या अभिवादनाला उत्तर हवे असते ते बोलणे सुरू करण्यापुरते. आणि राजकारणावरील मौन? ते पाहुण्याच्या मताची भीती बाळगण्यातून आलेले नाही. पाहुणा विमानात बसून निघून जातो, यजमान तेथेच राहतो, ही त्यातील साधी गोष्ट आहे.

परंपरा आजही बदलते आहे. नववर्षाच्या भेटींत लग्न, पगार आणि मूल यांविषयी विचारणारे नातेवाईक हा शहरांत वाढलेल्या पिढीच्या त्राग्याचा विषय आहे. दायूने ज्या प्रश्नाचे उत्तर बदलले त्याचे ते वारस आहेत. २०१४ पासून वीचॅटवर लाल पाकिटे पाठविता येऊ लागली, आणि नोकराकरवी जाणाऱ्या नामपत्राला नवे रूप मिळाले. २०२० साली नववर्षाच्या दोन दिवस आधी वूहान शहर बंद झाले, आणि देशभर अनेक गावांत नातेवाइकांकडे जाऊ नका असे फलक लागले. दार बंद ठेवणे हीच त्या वर्षी आपुलकी ठरली.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या इतिहासातून काय घ्यावे? औपचारिक बोलणे म्हणजे दांभिक बोलणे, असे आपण सहज धरून चालतो. मनातले बोलणे तेवढे खरे मानतो. चिनी घराचा इतिहास हे गृहीतक तपासावयास लावतो. माणसाला मनातले बोलता येण्यासाठी आधी न बोलण्याचा अधिकार असावा लागतो, आणि तो अधिकार कायद्याने दिला नाही तेव्हा पुष्कळदा तो शिष्टाचाराने सांभाळला. त्याने दायूला आणि ली-होला न्याय दिला नाही हेही तितकेच खरे. तेव्हा दारात उभे असताना काय बोलावे याची यादी पाठ करण्यापेक्षा, या घरात कोणते नाव घ्यायचे नाही आणि ते का, एवढे जाणून घेतलेले बरे. काय बोलावे ते पुढे चहाबरोबर आपोआप सुचते.